युरेनियमने की उष्णतेने? स्रोत खडकातील सेंद्रिय द्रव्य कशाने बदलले ते तपासण्याची रीत

सांगली, कराड आणि साताऱ्याकडच्या एम.एस्सी. भूशास्त्राच्या मुलामुलींचे प्रकल्प मी दरवर्षी तपासतो. पेट्रोलियमच्या स्रोत खडकावर (ज्यातल्या सेंद्रिय द्रव्यापासून तेल-वायू बनतो त्या खडकावर) काम केलेले असले की एक चूक हमखास सापडते, आणि ती दोन उलट्या दिशांनी होते. काही जण काळ्या शेलचा (चिकणमातीच्या पापुद्र्यांच्या खडकाचा) हायड्रोजन इंडेक्स, म्हणजे सेंद्रिय कार्बनच्या मानाने अजून किती हायड्रोकार्बन निघू शकतात तो आकडा, कमी आला की लगेच ‘खडक अतिपक्व’, म्हणजे उष्णतेने फार शिजलेला, असे लिहून मोकळे होतात. त्याच थरात १५० पीपीएम (दहा लाख भागांत १५० भाग) युरेनियम आहे हे त्यांच्याच तक्त्यात असते, पण तिकडे लक्ष जात नाही. दुसरे काही जण गॅमा लॉगवर (विहिरीत खोलीनुसार गॅमा किरण मोजून काढलेल्या आलेखावर) एक उंच टोक दिसले की सगळा दोष किरणोत्साराला देतात. तिथले युरेनियम ६ पीपीएम असते आणि खडक जेमतेम ५ कोटी वर्षांचा असतो.

दोन्हीकडे कामाचा क्रम चुकलेला असतो. युरेनियम किती आहे एवढ्यावर काही ठरत नाही. ते खडकात कुठे बसले आहे आणि किती काळ बसले आहे, हे आधी शोधायचे. मग मात्रेचा, म्हणजे खडकाला मिळालेल्या किरणोत्साराचा, हिशेब करायचा, आणि त्यानंतर रॉक-इव्हलचे (पूड तापवून त्यातून निघणारे हायड्रोकार्बन मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे हातात घ्यायचे. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

आपल्या भागात स्रोत खडक नाही. सह्याद्रीपासून कृष्णाकाठापर्यंत पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. त्यामुळे नमुने बाहेरून येतात: खंबातच्या खोऱ्यातून, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून, मसुरीजवळच्या काळ्या शेलमधून. नमुना दुसऱ्याने काढलेला, दुसऱ्याने पाठवलेला असतो, म्हणून तयारीला इथे जास्तच महत्त्व आहे.

## टप्पा १: नमुना हातात घेण्याआधीची तयारी

वहीचे पहिले पान फक्त या माहितीसाठी राखून ठेवा: थराचे वय, नमुना कोअरचा (विहिरीतून काढलेल्या अखंड दांड्याचा) आहे की कटिंगचा (ड्रिलिंगमध्ये निघालेल्या चुऱ्याचा) की उघड्या दरडीवरचा, खोली किती, त्या विहिरीतले तळाचे तापमान, ड्रिलिंगला कोणता चिखल वापरला, आणि आसपास डाइक किंवा सिल (शिलारस शिरून झालेली भिंत किंवा थर) घुसलेली आहे का. यातली एखादी गोष्ट कळली नसेल तर तिथे ‘माहीत नाही’ असे लिहा. ती जागा कोरी ठेवली तर दोन महिन्यांनी तुम्हालाच वाटेल की आपण विचारले होते.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. एकटा नमुना घेऊ नका, जोडी घ्या. एकाच विहिरीतला, एकाच प्रकारचा शेल, खोलीत शक्यतो १ ते ५ मीटरचाच फरक. पण एक नमुना जास्त युरेनियमचा आणि दुसरा कमी युरेनियमचा. १ मीटर अंतरावरच्या दोन थरांना जमिनीतली उष्णता जवळपास सारखीच मिळते. किरणोत्साराचे तसे नाही. अल्फा कणाची धाव खनिजात साधारण १२ ते ३५ मायक्रॉन, सेंद्रिय द्रव्यात घनता कमी असल्याने थोडी जास्त. म्हणजे अल्फा कणाने केलेले नुकसान युरेनियमच्या अगदी शेजारीच राहते. हा फरकच तुमचा मुख्य पुरावा ठरणार आहे, आणि जोडी नसेल तर तो कधीच हाती येत नाही.

कमीत कमी पाच जोड्या मागा. सगळ्या मिळाल्या नाहीत तर तीनवरही काम होते. एका जोडीवर निष्कर्ष काढू नये.

## टप्पा २: नमुना हवेने बदललेला नाही ना?

उघड्या दरडीवरच्या काळ्या शेलमध्ये पायराइट असते. हवा-पाणी लागले की ते गंजते आणि आम्ल तयार होते. त्या आम्लयुक्त, ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम चार संयुजेतून सहा संयुजेत जाऊन विरघळते आणि वाहून जाते. सेंद्रिय द्रव्यही ऑक्सिडाइज होते: हायड्रोजन इंडेक्स घटतो, ऑक्सिजन इंडेक्स वाढतो. किरणोत्साराने होणारा बदलही बाहेरून असाच दिसतो. फरक इतकाच की इथे गुन्हा हवेचा असतो आणि युरेनियम आधीच निघून गेलेले असते.

म्हणून दरडीवरचा नमुना घ्यायचाच असेल तर वरचा पिवळसर, खरपुडी आलेला थर काढून निदान अर्धा मीटर आत जा. फोडीवर पिवळी जॅरोसाइटची भुकटी किंवा जिप्समचे चमकते स्फटिक दिसले तर तो तुकडा टाकून द्या.

तपासणी: ताज्या फोडीत पायराइट भिंगाखाली पितळी चमकते का? चमकत असेल तर पुढे जा. त्याच्या जागी तांबूस डाग असतील तर दुसरा नमुना शोधा.

## टप्पा ३: वाळवणे, दळणे, वाटून ठेवणे

मला स्वतःला जास्तीत जास्त बिघडलेले आकडे याच टप्प्यात दिसले आहेत.

वाळवण ४० अंश सेल्सिअसला. १०५ किंवा ११० अंशांवर रात्रभर ठेवण्याची मातीच्या प्रयोगशाळेतली सवय इथे चालत नाही, कारण हलके हायड्रोकार्बन उडून जातात आणि एस-१ (रॉक-इव्हलमधला, खडकात आधीच मोकळ्या असलेल्या हायड्रोकार्बनचा आकडा) खोटा पडतो. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत गच्चीवर नमुने पसरण्याचा मोह होतो. तोही टाळा. तापलेल्या स्लॅबचे तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त असते, शिवाय धूळ बसते. पावसाळ्यात उलटी अडचण येते: दमट हवेत पायराइट दोन-तीन आठवड्यांत गंजू लागते. नमुना सिलिका जेलसकट बंद डब्यात ठेवा.

दळण अॅगेटच्या खलात किंवा स्वच्छ रिंग मिलमध्ये करा. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात दोन नमुन्यांचा एस-१ इतका मोठा आला की खोऱ्यात तेल सापडल्याचा आनंद आम्हाला झाला. चौकशी केली तेव्हा कळले की खल मोकळा नव्हता म्हणून पूड हळद-मसाल्याच्या चक्कीवर करून आणली होती. हळदीत उडनशील तेल असते, ते थेट मोजणीत उतरले. सांगलीत हळदीची चक्की कोपऱ्याकोपऱ्यावर आहे म्हणून हे मुद्दाम लिहितो. ते दोन नमुने संपले होते, परत मिळाले नाहीत.

दळताना नाकावर चांगला मास्क हवा. शेलच्या धुळीत क्वार्ट्झ असते आणि युरेनियमयुक्त धूळ फुप्फुसात जाऊ देणे कुठल्याही परिस्थितीत बरे नाही.

पूड करण्याआधी प्रत्येक नमुन्याचा एक अखंड तुकडा, काडेपेटीएवढा, बाजूला काढा. टप्पा ५ त्यावरच होतो. सगळेच दळून टाकले तर युरेनियम कुठे होते ते कायमचे हरवते. ही चूक पुढे कुठल्याही यंत्राने सुधारत नाही.

पुडीचे तीन भाग करा: रॉक-इव्हलसाठी १ ग्रॅमच्या आसपास, रासायनिक मोजणीसाठी ५ ग्रॅम, आणि गॅमा मोजणी करणार असाल तर १०० ग्रॅम किंवा जास्त.

## टप्पा ४: युरेनियम, थोरियम, पोटॅशियम मोजणे

विहिरीचा गॅमा लॉग असेल तर तिथून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. एकूण गॅमा हा तिन्ही मूलद्रव्यांचा मिळून येतो. नेहमीचे सूत्र असे (एपीआय हे गॅमा लॉगचे एकक):

गॅमा एपीआय = ८ × युरेनियम पीपीएम + ४ × थोरियम पीपीएम + १६ × पोटॅशियम टक्के

सर्वसाधारण शेल धरा: युरेनियम ४, थोरियम १२, पोटॅशियम २.७ टक्के. बेरीज ३२ + ४८ + ४३, म्हणजे सुमारे १२३ एपीआय. यात युरेनियमचा वाटा चौथा हिस्साच आहे. नुसता ‘गॅमा जास्त’ यावरून युरेनियम जास्त असे म्हणता येत नाही. ते चिकणमातीतले पोटॅशियमही असू शकते. स्पेक्ट्रल गॅमा (तिन्ही मूलद्रव्ये वेगळी दाखवणारा लॉग) मिळाला तर थोरियम आणि युरेनियमचे गुणोत्तर काढा. ते २ च्या खाली असेल तर समुद्रतळाशी ऑक्सिजन नसताना युरेनियम साठल्याची शक्यता बळकट होते. थोरियम पाण्यात विरघळत नाही, ते मातीबरोबर येते. युरेनियम पाण्यातून येते आणि सेंद्रिय द्रव्याजवळ अडकते.

सावधान: पोटॅशियम क्लोराइडचा चिखल वापरला असेल तर पोटॅशियमचा आकडा फुगतो. बराइटच्या जड चिखलात गॅमा किरण शोषले जातात आणि आकडे दबतात. टप्पा १ मध्ये चिखलाची नोंद मागितली ती यासाठी.

स्पेक्ट्रोमीटर हातात पहिल्यांदाच आला असेल तर नमुन्यावर लावण्याआधी सराव करा. यवतेश्वरच्या घाटात बेसाल्टच्या ताज्या भिंतीवर १० मिनिटे मोजा. बेसाल्टमध्ये युरेनियम बहुधा १ पीपीएमपेक्षाही कमी असते, त्यामुळे यंत्राची खालची पातळी कळते. मग एखाद्या इमारतीतल्या गुलाबी किंवा लाल ग्रॅनाइटच्या फरशीवर मोजा. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम सरासरी ३ ते ५ पीपीएम आणि थोरियम त्याच्या तीन-चार पट असते. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा काळा ‘ग्रॅनाइट’ घेऊ नका. तो बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, बेसाल्टच्याच कुळातला. कोयना परिसरात बेसाल्टखाली ग्रॅनाइटी पाया लागतो. तिथल्या खोल बोअरहोलचे काम कराडच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळेतून चालते. बेसाल्ट संपून पाया लागतो तिथे गॅमा कसा बदलायला हवा याचा अंदाज आधी स्वतः वहीत लिहा आणि मग असा एखादा लॉग पाहायला मिळाला तर ताडून बघा. डोळा तयार होतो.

प्रयोगशाळेत गॅमा मोजणी करणार असाल तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: यंत्र युरेनियमला थेट पाहत नाही. ते युरेनियमच्या क्षयाच्या साखळीत खाली असलेल्या बिस्मथ-२१४ चे १.७६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण मोजते. मधे रेडॉन आहे, तो वायू आहे, दळताना निसटतो. पूड हवाबंद डब्यात सील करून चार आठवडे थांबा. रेडॉन-२२२ चे अर्धायुष्य ३.८२ दिवस आहे, तेवढ्या काळात तोल परत बसतो. घाई केली तर युरेनियम कमी दिसते.

रासायनिक पद्धतीने, म्हणजे आयसीपी-एमएसने (विरघळवलेल्या नमुन्यातले अणू वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्राने) मोजणार असाल तर नमुना कसा विरघळवला ते प्रयोगशाळेला विचारा. अॅक्वा रेजियात झिरकॉन विरघळत नाही आणि त्यातले युरेनियम मोजणीत येतच नाही. लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवून केलेली पद्धत इथे बरी. हायड्रोफ्लोरिक आम्लाचे काम सोय आणि अनुभव नसलेल्या ठिकाणी अजिबात करू नये.

तपासणी: गॅमाचा आकडा आणि रासायनिक आकडा जुळतात का? १ पीपीएम युरेनियम म्हणजे किलोला साधारण १२.३५ बेकेरेल. रासायनिक आकडा बराच कमी असेल तर युरेनियम अलीकडे धुऊन गेले आहे आणि रेडियम मागे राहिले आहे, असे समजा. असा नमुना पुढच्या हिशेबाला घेऊ नका.

## टप्पा ५: युरेनियम बसले आहे कुठे?

माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा हा टप्पा आहे, आणि बहुतेक जण नेमका हाच गाळतात.

युरेनियम केरोजेनमध्येच (खडकातल्या न विरघळणाऱ्या सेंद्रिय द्रव्यातच) बारीक पसरलेले असू शकते. ते फॉस्फेटच्या कणांत असू शकते. झिरकॉन, मोनाझाइटसारख्या जड खनिजांत असू शकते, किंवा युरेनिनाइटचे (युरेनियमच्या ऑक्साइड खनिजाचे) स्वतंत्र ठिपके असू शकतात. झिरकॉनमध्ये असेल तर त्याचे अल्फा कण कणाभोवतीच्या तीस-चाळीस मायक्रॉनच्या कड्यापलीकडे जात नाहीत. बाकीच्या केरोजेनला त्याची झळ लागत नाही. केरोजेनमध्ये पसरलेले असेल तर प्रत्येक अल्फा कण सेंद्रिय द्रव्यातच खर्च होतो. दोन्ही खडकांत युरेनियम ५० पीपीएमच असले तरी परिणाम अगदी वेगळा.

छोट्या महाविद्यालयातही करता येईल अशी रीत ही:

१. बाजूला ठेवलेल्या तुकड्याची एक सपाट बाजू चकचकीत घासून घ्या. वर काचेचे आवरण लावू नका, अल्फा कण काचेत अडतात.

२. सीआर-३९ या, अल्फा कणांच्या खुणा उमटणाऱ्या, प्लास्टिकचा तुकडा त्या बाजूवर घट्ट दाबून बसवा. दोन्हीच्या कोपऱ्यात जुळणाऱ्या खुणा करा, नाहीतर नंतर कुठला ठिपका कुठल्या कणाचा ते कळणार नाही.

३. सगळे हवाबंद डब्यात ठेवा. खोलीतल्या हवेतला रेडॉनही खुणा पाडतो. त्याच डब्यात, नमुना न लावलेला एक कोरा तुकडाही ठेवा.

४. युरेनियम १०० पीपीएमच्या पुढे असेल तर दोन आठवडे पुरतात. ५-१० पीपीएमच असेल तर दोन महिने तरी द्या.

५. प्लास्टिक ६.२५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ७० अंशांवर सुमारे सहा तास ठेवा, धुवा, वाळवा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

सावधान: कॉस्टिक नेहमी पाण्यात घाला, थोडे थोडे. कॉस्टिकवर पाणी ओतले तर उसळते. चष्मा आणि हातमोजे नसतील तर हे काम सुरू करू नका.

खुणा ताऱ्यासारख्या एका बिंदूतून फुटलेल्या दिसल्या तर तिथे खनिजाचा कण आहे. काळ्या पट्ट्यांच्या बाजूने सारख्या पसरलेल्या दिसल्या तर युरेनियम सेंद्रिय द्रव्यात आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मिळाला तर बॅकस्कॅटर चित्रात युरेनिनाइट आणि झिरकॉन पांढरे ठसठशीत दिसतात. ते सीआर-३९ च्या खुणांशी जुळवा.

## टप्पा ६: मात्रेचा हिशेब

खडकाला वर्षाला किती मात्रा मिळते ते असे काढा. एकक मिलिग्रे; ग्रे म्हणजे एका किलोत शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा. साखळी तोलात आहे असे धरले आहे; अल्फा, बीटा आणि गॅमा तिन्ही मिळून.

युरेनियम: दर पीपीएमला ३.०५
थोरियम: दर पीपीएमला ०.८१
पोटॅशियम: दर टक्क्याला १.०५

युरेनियमच्या ३.०५ मधले सुमारे २.८ एकट्या अल्फाचे आहे. म्हणूनच टप्पा ५ ला एवढे महत्त्व.

उदाहरण एक: मघाचाच सर्वसाधारण शेल. ४ × ३.०५ + १२ × ०.८१ + २.७ × १.०५ = सुमारे २५ मिलिग्रे दरवर्षी. वय ५ कोटी वर्षे असेल तर एकूण १२.५ लाख ग्रे, म्हणजे सव्वा मेगाग्रे.

उदाहरण दोन: युरेनियम २०० पीपीएम, वय ५० कोटी वर्षे. स्वीडनच्या अॅलम शेलसारखा खडक डोळ्यापुढे आणा. फक्त युरेनियमचे ६१० मिलिग्रे दरवर्षी, एकूण ३०५ मेगाग्रे. पूर्वी युरेनियम आजच्यापेक्षा जास्त होते, म्हणून एवढ्या वयाला आणखी सुमारे ५ टक्के धरा: ३२० मेगाग्रे.

आता या मात्रेने किती हायड्रोजन निघून जाईल ते पाहा. किरणोत्सार कार्बन-हायड्रोजनचे बंध तोडतो, हायड्रोजन वायू निसटतो, मागे उरलेले कार्बन एकमेकांना जोडले जातात आणि वलये वाढतात. दर १०० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला हायड्रोजनचा एक रेणू निघाला, तर एका मेगाग्रेला एका किलो सेंद्रिय द्रव्यातून ०.१ मोल हायड्रोजन निघतो. पॉलिथिनसारख्या सरळ साखळीच्या द्रव्यात हा आकडा १ ऐवजी ३-४ असतो. बेंझिनसारख्या वलयांत मात्र तो ०.०४ इतका कमी, कारण वलय ऊर्जा पचवते.

वजनाने ८ टक्के हायड्रोजन असलेल्या केरोजेनमध्ये किलोला ८० मोल हायड्रोजन अणू असतात. उदाहरण एकमध्ये आकडा ३ धरला तरी सव्वा मेगाग्रेने जेमतेम पाऊण मोल अणू जातात (एका रेणूत दोन अणू), म्हणजे १ टक्का. हायड्रोजन इंडेक्स ३०० असेल तर तो ३ ने घटेल. रॉक-इव्हलची पुनर्मोजणीच याहून जास्त हलते.

भारतातल्या तरुण खोऱ्यांवर काम करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. नवजीव महाकल्पातला (गेल्या साडेसहा कोटी वर्षांतला) शेल, युरेनियम एक आकडी पीपीएम, आणि ते खडकभर पसरलेले: अशा खडकात किरणोत्साराने सेंद्रिय द्रव्य बदलले असे लिहायला आधार नाही. हायड्रोजन इंडेक्स कमी असेल तर कारण वनस्पतिजन्य केरोजेन, ऑक्सिडेशन किंवा उष्णता यांत शोधा.

उदाहरण दोनमध्ये तोच आकडा ३ ठेवला तर सुमारे २०० मोल निघतात. मुळात होते ८०. म्हणजे रेघ सरळ ओढता येत नाही. वलये वाढत जातात तसे नुकसान मंदावते. आकडा ०.३ धरला तर २० मोल, चौथा हिस्सा. एवढा बदल कुठल्याही प्रयोगशाळेत ठळक दिसेल. नेमका आकडा सांगण्याचा आव आणू नका, दोन टोकांची मर्यादा लिहा.

स्थानिक मात्रा: युरेनियम सगळे केरोजेनमध्ये असेल, केरोजेन वजनाने १५ टक्के असेल आणि त्याचे तुकडे अल्फाच्या धावेपेक्षा मोठे असतील, तर २०० पीपीएम भागिले ०.१५, म्हणजे केरोजेनच्या आत १३३३ पीपीएम. अल्फा मात्रा जवळजवळ सात पट. केरोजेनचे पापुद्रे दोन-तीन मायक्रॉनचे असतील तर अल्फा कण पलीकडच्या खनिजात जाऊन थांबतात, तेव्हा सरासरी मात्राच बरोबर.

तपासणी: युरेनियम गाळाबरोबरच साठले की नंतर पाण्याने आणले? नंतर आले असेल तर खडकाचे वय वापरू नका, हिशेब फुगेल.

मोजपट्टी म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो: केरोजेनला मिळालेली मात्रा काही मेगाग्रेपर्यंत असेल तर किरणोत्साराचा मुद्दा सोडा, शंभर मेगाग्रेच्या आसपास किंवा पुढे असेल तर तो टाळता येणार नाही. मधल्या पट्ट्यात पुढचे दोन टप्पे दुप्पट काळजीने करा.

## टप्पा ७: रॉक-इव्हल, आणि ते वाचण्याची रीत

पहिल्यांदा टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) आणि एस-२ (तापवल्यावर केरोजेन फुटून निघालेले हायड्रोकार्बन) पाहा. एस-२ हा दर ग्रॅम खडकामागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर टी-मॅक्सवर (एस-२ चे शिखर ज्या तापमानाला येते त्यावर) विश्वास ठेवू नका; शिखर इतके बुटके असते की यंत्र कुठलेही टोक पकडते. टीओसी अर्ध्या टक्क्याच्या आसपास असेल तर चिकणमाती हायड्रोकार्बन धरून ठेवते आणि हायड्रोजन इंडेक्स आपोआप कमी दिसतो. कमी युरेनियमच्या जोडीदाराचा टीओसीही बहुधा कमीच असतो, म्हणून ही अडचण नेमकी तुलनेत घुसते. शक्यतो टीओसी २ टक्क्यांच्या वर असलेल्या जोड्याच तुलनेला घ्या.

मग जोडी शेजारी शेजारी ठेवा. उष्णतेने पक्व झालेल्या खडकात हायड्रोजन इंडेक्स घटतो तेव्हा टी-मॅक्स ठरावीक वाटेने वर जातो, ४३५ च्या पुढे तेलाच्या पट्ट्यात, आणि एस-१ चा वाटा आधी वाढतो. शेजारचा कमी युरेनियमचा थरही त्याच वाटेवर असतो. किरणोत्साराचा संशय तेव्हा घ्यावा जेव्हा कमी युरेनियमचा जोडीदार ४२० अंशांवर शांतपणे अपक्व दिसतो आणि जास्त युरेनियमच्या थरात हायड्रोजन इंडेक्स घसरलेला असतो, तेवढ्या प्रमाणात तेल मात्र तयार झालेले दिसत नाही.

टी-मॅक्सच्या एकट्या आकड्यावर काहीही उभारू नका. बंध तुटल्याने तो खाली ओढला जातो, वलये जोडली गेल्याने वर जातो. दोन्ही एकाच खडकात होतात.

## टप्पा ८: उष्णतेचा दावा वेगळा तपासणे

इथे तीन साक्षी घ्या.

पहिली साक्ष सूक्ष्मदर्शकाची. चकचकीत तुकड्यात युरेनिनाइट किंवा झिरकॉनचा कण शोधा आणि त्याभोवतीच्या सेंद्रिय द्रव्याची परावर्तकता (पडलेल्या प्रकाशातला किती परत येतो ती; पक्वतेबरोबर वाढते) कणापासून दूर जाताना मोजा. कणाला लागून उजळ कडे आणि पलीकडे मंद काळसर द्रव्य दिसले तर तो किरणोत्साराचा स्पष्ट ठसा. उष्णता असे कडे काढत नाही. परावर्तकतेची सरासरी काढताना हे उजळ बिंदू वगळा. ते मिसळून खडक अतिपक्व ठरवलेला मी पाहिला आहे. कॅम्ब्रियन खडकात व्हिट्रिनाइट (झाडांच्या लाकडापासून बनलेले द्रव्य) शोधत बसू नका, तेव्हा जमिनीवर झाडे नव्हती. तिथे बिटुमेनची (घट्ट झालेल्या डांबरासारख्या अवशेषाची) परावर्तकता मोजावी लागते, आणि ती व्हिट्रिनाइटच्या मोजपट्टीवर जशीच्या तशी बसवू नये.

दुसरी साक्ष अर्काची. सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढणाऱ्या उपकरणात) डायक्लोरोमिथेन-मिथेनॉलने अर्क काढा आणि टीओसीच्या मानाने किती निघाला ते पाहा. जास्त मात्रा मिळालेल्या खडकात द्रव्य एकमेकांना जोडले जाऊन अविद्राव्य होते, त्यामुळे अर्क कमी निघतो, लांब साखळ्या कमी होतात आणि वलयांचा वाटा वाढतो. होपेन-स्टेरेनसारखे जैवखुणांचे रेणू विरळ होतात किंवा दिसतच नाहीत. ते दिसत नसताना त्यांच्यावरून पक्वतेचे गुणोत्तर काढणे म्हणजे यंत्राच्या गोंगाटाचे गुणोत्तर काढणे. शिखर नीट नसेल तर आकडा लिहू नका.

तिसरी साक्ष सेंद्रिय नसलेली: इलाइट-स्मेक्टाइट या चिकणमातीच्या खनिजांचे प्रमाण (उष्णतेने स्मेक्टाइटचे इलाइट होते), अॅपेटाइटमधले विभाजन-रेषांचे (युरेनियम-अणू दुभंगून पडलेल्या खुणांचे) वय. युरेनियमने केरोजेन बदलले म्हणून इलाइट-स्मेक्टाइट बदलत नाही. तिथे उष्णता कमी दिसली आणि केरोजेन मात्र ‘शिजलेले’ दिसले, तर किरणोत्साराची बाजू भक्कम होते.

सावधान: दोन्ही कारणे एकत्रही असतात. अॅलम शेलवर स्वीडनच्या व्हेस्टरयेटलांडमध्ये डोलेराइटच्या सिल आहेत. तिथे युरेनियम भरपूर आणि शेजारी तापलेला अग्निज खडकही. अशा ठिकाणी सिलपासूनच्या अंतराचा आलेख आणि युरेनियमचा आलेख वेगवेगळे काढा. हायड्रोजन इंडेक्स कुठल्या आलेखाबरोबर चालतो ते पाहा.

## टप्पा ९: अहवालात काय लिहायचे

एक तक्ता करा. प्रत्येक जोडीसाठी एक ओळ: वय, युरेनियम, थोरियम, पोटॅशियम, युरेनियमची जागा, सरासरी मात्रा, केरोजेनची मात्रा, टीओसी, हायड्रोजन इंडेक्स, टी-मॅक्स, कड्याची नोंद, अर्काचे प्रमाण, सेंद्रिय नसलेली साक्ष. ‘युरेनियमची जागा’ हा रकाना रिकामा असेल तर त्या ओळीवर किरणोत्साराचा निष्कर्ष लिहू नका. तिथे फक्त ‘सरासरी मात्रा इतकी, वाटप अज्ञात’ असे लिहा. परीक्षकाला ते चालते.

मूळ हायड्रोजन इंडेक्स किती होता याचा अंदाज कमी युरेनियमच्या जोडीदारावरून बांधा. पाठ्यपुस्तकातला ६०० चा आकडा उचलू नका. आणि दळण्याआधी काढून ठेवलेला तो अखंड तुकडा, चिठ्ठीसकट, प्रकल्प मंजूर झाल्यावरही टाकू नका. पुढच्या वर्षी कुणीतरी तुमचाच प्रश्न पुन्हा विचारायला येईल आणि त्याच्याकडे तो थर पुन्हा मागवायची सोय नसेल.